पुसलेल्या जागेचा रिपोर्ट

तिसऱ्या बाळाचा रिपोर्ट हातात घेऊनच आमचे मोठे डॉक्टर सर एनआयसीयूत आले. कुणाला काही विचारलं नाही. म्हणाले, "त्या तीर्थपुरीकडच्या बाईला आजपासून आत सोडायचं नाही."

ती बाई म्हणजे रुक्मिण. हात धुऊन, गाऊन घालून दारातच उभी होती. तिची मुलगी तेराशे ग्रॅमची. रोज दुपारी दोन तास ती मुलीला उघड्या छातीशी धरून बसायची. याला आमच्याकडे कांगारू म्हणतात. कमी वजनाचं बाळ आईच्या अंगाच्या उबेनं वाढतं. मलाच तिच्या अंगावरचा गाऊन काढून घ्यावा लागला.

"मावशी, मह्यामुळं झालं का वो?" तिनं विचारलं.

मी गाऊन धुण्यात टाकला.

मावशी म्हणजे मी. वय सव्वीस, पण दवाखान्यात साफसफाई करणारी बाई कुठल्याही वयाची असो, ती मावशीच. शाळा सातवीपर्यंत. गाव लांब, गोंदियाकडं. नवरा जालन्यात सळईच्या कारखान्यात लागला म्हणून आले. जाधव सिस्टर आमच्या इन्चार्ज. त्यांनी मला कामाला घेतलं. हात कसे धुवायचे ते माझे हात हातात धरून शिकवलं. पहिल्याच महिन्यात माझ्या हातून मॉनिटरची वायर तुटली, तेव्हा त्यांनीच "मह्या हातून तुटली" असं सरांना सांगितलं. असं माणूस मला परक्या गावात भेटलं. म्हणून पुढचं लिहिताना जीव दबतो.

आधी रिपोर्ट कसला ते सांगते. एनआयसीयू म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग. इथं दर आठवड्याला प्रत्येक बाळाचा स्वॅब घेतात. कापूस लावलेली काडी बाळाच्या काखेत आणि शीच्या जागी फिरवायची, नळीत घालून लॅबला पाठवायची. काही जंतू असे असतात की नेहमीच्या अँटिबायोटिकला जुमानत नाहीत. नुसते अंगावर नाहीतर आतड्यात बसलेले असतात तोवर बाळ बरं दिसतं. रक्तात उतरले की मग डॉक्टर औषध शोधत बसतात. म्हणून कोणाच्या अंगावर बसलेत ते आधीच बघून ठेवायचं.

रुक्मिणची मुलगी दुसऱ्या दवाखान्यात जन्मून आमच्याकडे आली होती. अशा बाळाचा स्वॅब आल्या दिवशीच घ्यायचा असतो. आम्ही घेतला चौथ्या दिवशी. स्वॅबची किट संपली होती. तो पॉझिटिव्ह आला. मग जंतू तिनं आणला की तिला इथं लागला? कोणालाच सांगता येत नव्हतं. पण निकाल मात्र त्याच दिवशी लागला. बाहेरून आलं. मागून आमच्याच दोन बाळांचे पॉझिटिव्ह आले, तेव्हा तर बोलायलाच नको.

आणि मग सुरू झालं ते मला अजून सहन होत नाही. रुक्मिणला आत यायला बंदी, पण तिचं दूध हवं. दर तीन तासांनी ती बाहेरच्या खोलीत वाटीत दूध काढायची आणि दारातून माझ्या हातात द्यायची. दूध चालतं, हात चालत नाही. तिची सासू बाकावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "म्हशीला बी आधी वासरू दाखवत्यात, मंग दूध काढत्यात. हिला तेवढं बी न्हाई."

बाकावरच्या बाकीच्या आया रुक्मिणपासून सरकून बसायला लागल्या.

ते दूध मी आत नेऊन कोमट करायची. त्यासाठी एक पिवळा प्लास्टिकचा टब होता. काठाला चीर गेलेली, वर चिकटपट्टी मारलेली. त्यात गरम पाणी, आणि पाण्यात सगळ्या बाळांच्या दुधाच्या वाट्या. पाणी निवलं की वरून गरम ओतायचं. सकाळचं पाणी दुपारपर्यंत तेच. मी आले तेव्हापासून असंच चालू होतं.

आता चूक कुठं झाली ते सांगते. बाळांसारखे जागेचेही स्वॅब घेतात. बेसिन, नळ, औषधाची ट्रॉली, आणि वॉर्मर म्हणजे बाळाची गरम खाट. लॅबच्या मॅडम त्यासाठी यायच्या. आदल्या दिवशी त्यांचा फोन यायचा. मग सकाळी सिस्टर म्हणायच्या, "मावशी, जल्दी करा, मॅडम येऊन राह्यल्या. सगळं चकाचक पायजे." मी जंतुनाशकानं सगळं पुसून काढायची. एकदा नाही, दोनदा. शाळेत साहेब यायचे त्या दिवशी आम्ही पोरी अंगण सारवायचो ना, तसं. आणि शेवटी सिस्टर म्हणायच्या, "ते टबडं स्टोअरमध्ये टाका. बरं दिसत न्हाई."

मी टाकायची. मॅडम पुसलेल्या जागेवरून काडी फिरवायच्या. रिपोर्ट यायचा, स्वच्छ. या वेळीही तसाच आला. सरांनी तो कागद रुक्मिणच्या नवऱ्याला दाखवला. "हे बघा, आमचं युनिट क्लीन आहे." तो बिचारा काय बघणार? मान हलवून निघून गेला.

मला मात्र जेवण जाईना. आधी वाटलं, माझ्याच हातांनी पसरवलं असेल. मग कामाला लागले की बाळं मोजायला लागले. रुक्मिणच्या मुलीच्या शेजारचं बाळ चांगलं होतं. खिडकीपाशी, सगळ्यात लांबचं, ते पॉझिटिव्ह. असं कसं? जंतू काय शेजार सोडून लांब पाहुणा जातो? शेजारचं बाळ सलाईनवर होतं, त्याला दूध सुरूच नव्हतं. पॉझिटिव्ह तिन्ही बाळं दुधावर. तिन्ही वाट्या टबात.

कोणाला सांगू? सिस्टरला सांगायचं म्हणजे टब तुम्हीच लपवायला लावला असं तोंडावर म्हणायचं. सरांना सांगायचं तर सातवी शिकलेल्या बाईचं ऐकणार कोण? काम गेलं तर खोली सोडून गावी जावं लागलं असतं. दोन दिवस मी टब साबणानं घासत राहिले आणि गप्प बसले. त्या दोन दिवसांत खिडकीपाशच्या बाळानं दूध पचवणं सोडलं. जंतू रक्तात उतरला होता. त्याला नळी घालून मशीनवर ठेवलं.

मॅडम परत येणार होत्या. सकाळी मी सगळं पुसलं. टब स्टोअरमध्ये ठेवला. एरवी पाणी ओतून, कोरडा करून ठेवायची. त्या दिवशी ओतलं नाही.

मॅडम आल्या, काड्या फिरवून झाल्या. सर म्हणाले, "इथं काही सापडणार नाही, मॅडम. सोर्स बाहेर बाकावर बसलाय."

ते ऐकलं आणि माझे पाय आपोआप स्टोअरकडे गेले. टब दोन्ही हातांत धरून आणला. पाणी हिंदकळत होतं.

"मॅडम, हे राहिलं."

"हे काय आहे?"

"यात दूध कोमट करतो. सगळ्यांचं. तुम्ही येता त्या दिवशी स्टोअरमध्ये ठेवतो."

सिस्टरनं माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरणार नाही.

"आणि बाकी जागा?" मॅडमनी विचारलं. "आज पुसल्यात?"

"तुम्ही यायच्या आधी दोनदा."

मॅडमनी नवी काडी काढली. पाण्यात बुडवली. दुसरी चिकटपट्टीखालून फिरवली, ती काळी झाली.

तीन दिवसांनी रिपोर्ट आला. टबात तोच जंतू. लॅबवाले कोणतं औषध चालतं, कोणतं चालत नाही याची यादी देतात. टबाची यादी आणि तिन्ही बाळांची यादी हुबेहूब एक. मुलीच्या तोंडी जाणारं आईचं चांगलं दूध आम्हीच घाणीत बुडवून देत होतो, आणि घाण म्हणत होतो आईला!

सर म्हणाले, "टब चेंज करा." बस. तेवढंच. फाईलमध्ये काय लिहिलं मला माहीत नाही. रुक्मिणला कोणी चुकलं म्हटलं नाही. तिला फक्त आत बोलावलं. तिनं नखांपासून कोपरापर्यंत हात इतके धुतले की मीच नळ बंद केला. मुलगी छातीशी घेतली आणि मला हळूच विचारलं, "मंग मावशी, महा हात चांगला व्हता ना?"

"तुझा चांगला होता," मी म्हटलं. "आमचे बघायचे राहिले होते."

खिडकीपाशचं बाळ वाचलं. बरेच दिवस लागले.

सिस्टर माझ्याशी आठवडाभर कामापुरतंच बोलल्या. मग एका दुपारी हात पुसता पुसता म्हणाल्या, "मला आधी सांगायचं व्हतं ना, बाई."

"भीती वाटली, सिस्टर."

"मला बी सरांची वाटती," त्या म्हणाल्या. मला काढलं नाही त्यांनी. काढू शकल्या असत्या. त्यांचे उपकार मी मोजत नाही, आणि टबही विसरत नाही.

आता प्रत्येक बाळाची वाटी वेगळ्या भांड्यात कोमट होते आणि पाणी लगेच ओतून देतो. मॅडम फोन न करता येतात. मागच्या महिन्यात मात्र सरांनीच आदल्या दिवशी कळवलं की कुठली तरी टीम बघायला येणार आहे. सकाळी सिस्टर सवयीनं म्हणाल्या, "मावशी, जल्दी जरा चकाचक..." आणि थांबल्या.

"राहू द्या," म्हणाल्या. "रोजच्या टायमाला, रोजच्यासारखंच पुसा."