इस्माईल पेंटरनं बदललेला मजकूर

कागदावर आला तसाच मजकूर भिंतीवर उतरवायचा, ही सेनगावच्या इस्माईल पेंटरची वीस वर्षांची शिस्त. २००३ साली एका दुपारी त्यानं ती मोडली.

एका दवाखान्याच्या भिंतीवर तो कॅन्सर शिबिराचं लिहीत होता: 'महिलांनो, स्तनात गाठ असल्यास तपासून घ्या.' बाजारात दुकानोदुकानी पैसे मागून आलेली रुख्मिणीमावशी टाळी वाजवून मागं थांबली.

"काय लिहून राहिला रे?"

त्यानं वाचून दाखवलं.

"म्हंजे बायांचंच. आमा हिजड्यांना गाठ झाली त कुठं जावं? ढोराच्या दवाखान्यात?"

इस्माईल खदखदून हसला. मावशी हसली नाही. चार महिन्यांपासून तिच्याच छातीत गाठ होती, तिनं सांगितलं. मागच्या एका शिबिरात बायांच्या रांगेतून तिला उठवलं. गड्यांच्या रांगेत तंबाखूचं विचारून नुसतं तोंड तपासलं.

"मंग सांगायचं न्हाई का?"

"सत्तर गड्यांम्होरं? तू काढ सदरा, मंग मी सांगते!"

इस्माईलनं 'महिलांनो'पासून सगळी ओळ पुसली. "बोल मावशी, काय लिहू?"

"छातीत गाठ हाय? बाई असो, गडी असो, हिजडा असो, दाखवून घ्या."

'हिजडा'पाशी त्याचा ब्रश अडला.

"काहून थांबला? त्या शब्दानं लोक रोज हिणवतेत. एक डाव चांगल्या कामाला येऊ दे. अन् ठळक काढ!"

तेवढ्यात पद्माबाई सिस्टर बाहेर आल्या. "इस्माईलभाई, कागदात असं नव्हतं. साहेब ओरडतील."

"बराबर. ओरडू द्या. पर हिला कोणत्या रांगेत बसवता, ते सांगा."

सिस्टरनं भिंत पुन्हा वाचली. "रांग कशाला? माझ्या खोलीत पडदा लावते. मावशी, शिबिराला सकाळीच या."

शिबिराच्या दिवशी इस्माईल रंगाचा डबा न उघडताच बाहेर बसून राहिला. पडद्यामागून आवाज आला, "डाक्टरीणबाई, गुदगुल्या होतेत की! हां, तिथंच. तिथं दुखते."

दोन्ही रांगा हसल्या. गड्यांच्या रांगेतून पुसेगावचा ग्यानबा उठला, सिस्टरच्या कानाशी लागला. "ताई, मलाबी छातीतच हाय. घरी बी न्हाई सांगितलं."

मावशी नांदेडच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी घेऊन बाहेर आली. गाठ काढावी लागणार होती. पण वेळेत आलात, असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं होतं. दारात घुटमळणारा ग्यानबा दिसताच तिनं पडदा वर धरला.

"ये रे दादा, लाजू नको. सदऱ्याच्या गुंड्या तेवढ्या सोडून ठेव, बाकीच्यांचा खोळंबा व्हते."