पोलादपूरच्या फोनला कुलूप

इंग्रजी चौथीनंतर शाळा सोडली. पुढचं सगळं रेडिओचे व्हॉल्व्ह जाळून शिकलो. त्यामुळे पोलादपुरात फोन गुप्त करायची पेटी बसवायला मलाच बोलावलं, याचं आश्चर्य वाटलं नाही.

सकाळची एसटी धरा, पण डाव्या खिडकीशी बसू नका. पनवेलनंतर ऊन तिकडूनच येतं. पेटी मांडीवर.

"कोंबडी हाय का काय?" कंडक्टर.

"सरकारी गुपित."

"मंग लगेज लागंल."

महाडला मुक्काम. सकाळी जवळच्या सव गावच्या गरम कुंडात अंघोळ केली (टॉवेल घरचा न्या) आणि दुपारच्या आत पोलादपूर.

दारूबंदीच्या साहेबांचा बंगला एसटी थांब्यासमोरच. त्यांचं दुखणं असं, की धाडीचा बेत अलिबागच्या कचेरीशी फोनवर ठरायचा, आणि कुडपणकडे हातभट्टीवर धाड गेली की सापडायची विझलेली चूल. संशय फोन जोडून देणाऱ्या ऑपरेटर शांतारामवर.

"पेटीनंतर बातमी फुटायची थांबली, तर चोर हाच. काढून टाकतो," साहेब म्हणाले. "नाही थांबली, तर तुमची पेटी खोटी."

म्हणजे दोघांपैकी एक जाणारच.

पेटी साधी. जाड स्वर बारीक आणि बारीक स्वर जाड करून तारेवर सोडते. अलिबागची जुळी पेटी ते पुन्हा सरळ करते. लढाईच्या काळात विलायतेतले पुढारी असल्याच पेट्यांवर बोलायचे. पोलादपूरचा नंबर आत्ता लागला, इतकंच.

साहेबांनी कॉल लावला. मी एक्स्चेंजमध्ये जाऊन शांतारामचे हेडफोन कानाला लावले. बदकांचं भांडण. एक शब्द कळेना.

"माज्या पोरांची शप्पत, पूर्वीबी मी कान लावला नाय," शांताराम म्हणाला.

खूश होऊन बंगल्यासमोर थांब्यावर चहाला गेलो. साहेबांचा कॉल चालूच होता. ट्रंक कॉलवर आपण सगळेच ओरडतो, अलिबाग लांब आहे म्हणून. साहेब जरा जास्तच, आणि खिडकी सताड उघडी.

"उद्या धाड उमरठला हाय, गो," एक गिऱ्हाईक चहावालीला म्हणालं.

"ऐकलं रे. मी काय बहिरी हाय?"

मी वही काढून साहेबांची पुढची चार वाक्यं शब्दशः उतरवली आणि बंगल्यात जाऊन त्यांनाच वाचून दाखवली.

"तारेला कान लावलात?" साहेब.

"नाही साहेब. चहा पीत होतो."

साहेबांनी स्वतः उठून खिडकी लावली.

घरी परतून अहवाल लिहिला: यंत्र निर्दोष. ऑपरेटर निर्दोष. साहेबांनी हळू बोलावे. शेवटचं वाक्य गाळा, असं बायको म्हणाली. गाळलं नाही. त्यानंतर सरकारी काम मिळालेलं नाही. शांतारामची नोकरी मात्र चालू आहे.