उपग्रहाच्या हमीपत्रावरची सही

शर्मिला गायकवाड यांच्या कपाळावरची आठी बघून सकाळी वॉचमनसुद्धा बाजूला सरकतो. सरकारी बिनतारी खात्यात एकतीस वर्षं त्यांनी रेडिओलहरींचे परवाने तपासले. निवृत्तीनंतर बाणेरच्या एका छोट्या उपग्रह कंपनीने त्यांना असेच परवाने मिळवून देण्याच्या कामाला बोलावलं. धायरीहून दोन बस बदलून रोज येते ती या पोरांना अक्कल शिकवायला, असं त्या स्वतःच सांगतात.

कंपनीचा पहिला उपग्रह फ्रिजएवढा. त्यातलं रडार खाली लहरी सोडतं आणि परतलेल्या लहरींवरून ढगांखालची जमीन टिपतं. जितकं बारीक बघायचं, तितका लहरींचा पट्टा रुंद लागतो. आणि त्याच पट्ट्यात जहाजांची, विमानांची रडारंही चालतात. म्हणून आधी जगभर कळवायचं, हरकती निस्तरायच्या, मग परवाना. शर्मिलाताईंनी दोन वर्षं डोकेफोड करून सहाशे मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा मिळवला होता.

आणि उड्डाणाला वीस दिवस उरले असताना रडार बनवणारी चैताली सहज बोलून गेली, "मॅडम, आपण आता बाराशेवर गेलोय. इमेज काय क्लिअर येते माहितीये!"

शर्मिलाताईंनी कपाळावर हात मारला आणि तडक मालकाला, आमोदला गाठलं.

"कस्टमरला शार्प इमेज प्रॉमिस केलीय मॅडम," आमोद म्हणाला. "एकदा वर गेल्यावर कोण मोजतंय?"

"अहो, ज्यांच्या रडारवर आपला गोंगाट जाईल ते मोजतील! आकाश काय आपलं अंगण आहे, हवा तिथे सडा घालायला?"

"रडार परवान्याप्रमाणेच चालेल अशी हमी दिल्याशिवाय सरकार उड्डाण करू देणार नाही. त्या हमीपत्रावर सही तेवढी करा. बाकी मी बघतो."

सही तेवढी! शर्मिलाताईंचं डोकं सणकलं. त्यांच्या आजोबांनी जन्मभर अंगठे उठवले. वडील घरातले पहिले सही करणारे, आणि न वाचलेल्या कागदावर त्यांनी ती कधी केली नाही. जागेवर येऊन त्यांनी हमीपत्र पुढ्यात घेतलं. भीती वाटली, खोटं कशाला सांगा. नोकरी तर जाणारच होती, वर तीन वर्षं राबलेली तीस माणसं त्यांच्या नावाने खडे फोडणार होती. तरी "रडार सहाशेवर बांधा, मग सही" एवढं लिहून त्यांनी कागद परत पाठवला.

चार दिवस कुणी त्यांच्याशी धड बोललं नाही. दुसऱ्या कुणाची सही चालेल का, हे आमोदने दिल्लीच्या परवाना कचेरीला विचारून पाहिलं. परवान्याच्या अर्जावर शर्मिलाताईंचंच नाव होतं, त्यामुळे चालत नव्हती. पाचव्या दिवशी चैतालीने मुकाट्याने प्रोग्रॅममध्ये सहाशेची मर्यादा घातली. शर्मिलाताईंनी ती तिच्या शेजारी बसून तपासली आणि मग सही ठोकली.

उपग्रह गेला. चित्रं आली, आमोदच्या मते जरा पुसट. आठवड्याने तो कोरा अर्ज घेऊन त्यांच्या टेबलाशी आला.

"मॅडम, दुसरा उपग्रह पुढच्या वर्षी पाठवतोय. त्याला बाराशे लागतीलच. परवान्याचं काम कधी सुरू करायचं?"

"मागच्या वर्षी," शर्मिलाताई म्हणाल्या आणि अर्ज ओढून घेतला.