दत्ताची अर्धी गोष्ट

दत्ता गायकवाड गेल्याचा फोन कारखान्यात आला, तेव्हा मी महिनाअखेरची बेरीज तपासत होतो. पलीकडून त्याचा दहिवलीचा शेजारी बोलत होता. "सकाळचा चहा घेतला, आन् बसल्या जागी गेले हो." मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि बेरीज पुरी केली. ती बरोबर आली. याला आता काही आठवडे झाले. माझी अवस्था अजून साधारण तशीच आहे... कामं होतात, जेवण जातं, रडू मात्र आलेलं नाही. लोक विचारतात तेव्हा काय सांगावं ते कळत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

दत्ता कर्जतला शाळेत विज्ञान शिकवायचा, मी मोहोपाड्याला कारखान्यात हिशेब लिहितो. आमची गाठ पडली ती हॅम रेडिओमुळे. सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळवायचा, सेट घरीच जुळवायचा, झाडाला तार ताणायची आणि दूरच्या परवानेवाल्यांशी गप्पा मारायच्या, असा हा छंद. ऐंशी सालानंतर कधीतरी दत्ताने रविवार सकाळचं नेट सुरू केलं. नेट म्हणजे सगळ्यांनी ठरल्या वेळी एकाच फ्रीक्वेन्सीवर यायचं. एकजण नावं पुकारतो, ज्याचं नाव येईल त्याने बोलायचं आणि 'ओव्हर' म्हणून थांबायचं. बाकीच्या नेटवर तारा, व्हॉल्व्ह, हवामान असे विषय. दत्ताच्या नेटवर फक्त जुन्या आठवणी. घरातलं पहिलं घड्याळ, पहिला स्टोव्ह, गावात आलेला तंबूतला सिनेमा.

वर्षभर बरं चाललं. मग आठवणी संपल्या, निदान लोकांना तसं वाटलं. पंधरा जणांचे आम्ही चार उरलो. मी त्याला स्पष्ट सांगितलं, "दत्ता, चार माणसांचं नेट होत नाही. बंद करू."

"तू मोजायचं काम कर रं," तो म्हणाला, "माणसं आणायचं काम माझं."

पुढच्या रविवारी नेरळचे डॉक्टर त्यांच्या वडिलांच्या पहिल्या मोटारीची आठवण सांगत होते. मोटार चढावर बंद पडली आणि मागे घसरू लागली, एवढं सांगून त्यांनी दम घ्यायला 'ओव्हर' म्हटलं, तर दत्ता मध्येच शिरला. "डॉक्टर, थांबा. बाकीचं पुढच्या रविवारी."

"अहो, गाडी उतारावर आहे माझी!"

"असू दे की. आठवडाभर चाकाला दगड लावून ठेवा."

डॉक्टर चिडले, पण पुढच्या रविवारी अकरा जण हजर होते, आणि डॉक्टर सगळ्यांच्या आधी. तेव्हापासून हीच रीत पडली. गोष्ट रंगात आली की दत्ता ती तोडायचा. मला हे पटत नसे. सांगणाऱ्याला पुरं सांगू द्यावं, असं माझं मत. ते मी त्याला अनेकदा ऐकवलंही. तो नुसता हसायचा. स्वतःची गोष्ट मात्र त्याने कधी सांगितली नव्हती. "माझा नंबर लागला की सांगीन," म्हणायचा.

शेवटच्या रविवारी सांगितली. पन्नासच्या दशकातली, त्यांच्या वस्तीत आलेल्या पहिल्या रेडिओची. वस्तीत वीज नव्हती, रेडिओ बॅटरीवर चालायचा. संध्याकाळी सारी वस्ती त्यांच्या ओट्यावर जमायची, बाया कामं आटपून यायच्या. एके दिवशी गाणं चालू असताना रेडिओ मुका झाला. लोक दत्ताच्या वडिलांकडे बघायला लागले. वडिलांनी रेडिओ पाठमोरा केला, मागची फळी काढली, कंदील जवळ धरला... "आन् आत बघतो तर," दत्ता म्हणाला, "बाकीचं पुढच्या रविवारी. ओव्हर."

गुरुवारी तो गेला.

त्या रविवारी मी सवयीने सेट लावला. पुकारणारं कोणी नव्हतं. तरी आवाज येऊ लागले. वर्षभर न फिरकलेलेही आले. एकेकाने आपलं नाव सांगितलं. मग डॉक्टर म्हणाले, "रेडिओत काय होतं हो? कोणाला माहीत आहे?" कोणालाच नव्हतं. खालापूरचे दुकानदार, जे नेहमी 'हजर' एवढंच म्हणत, ते म्हणाले, "उंदराचं घर असणार. आमच्या रेडिओत होतं." आणि त्यांनी आपल्या आईची, त्या उंदराच्या पिल्लांची सबंध आठवण सांगितली. कोणी तोडली नाही.

नेट चालू ठेवायचं तर दत्ताच्या सेटवरून, कारण माझ्या कॉलनीतून नेरळ कसंबसंच ऐकू येतं, पुकारणाऱ्याला तेवढं पुरत नाही. म्हणून मी एस.टी.ने दहिवलीला दत्ताच्या घरी गेलो. वहिनींनी खोली उघडून दिली. टेबलावर सेट, समोर त्याची खुर्ची आणि वर फळीवर तोच जुना रेडिओ, भिंतीकडे पाठ करून ठेवलेला. मी त्याच्याकडे बघत राहिलो.

"उघडून बघायचाय का, भावजी? स्क्रूड्रायव्हर तिथंच हाय," वहिनी म्हणाल्या.

"तेव्हाचं आत आता काय उरलं असेल?"

"कायच नाय."

"तुम्हाला तरी सांगितलं होतं का त्याने?"

"मला ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. पदराने त्यांनी रेडिओवरची धूळ पुसली. "पर सांगितलं, तर रविवारचं या खोलीत कोण येणार?"

मी स्क्रूड्रायव्हर होता तिथेच राहू दिला आणि खुर्ची पुढे ओढली.

तेव्हापासून रविवारी मी त्या खुर्चीत बसतो आणि नावं पुकारतो. मागच्या खेपेला सतरा जण होते. प्रत्येकजण रेडिओत काय निघालं असेल ते सांगतो, आणि त्याच्या मागोमाग स्वतःच्या घरातलं काहीतरी निघतं. वहिनी दारापाशी पाटावर तांदूळ निवडत ऐकतात. डॉक्टरांनी परवा ठामपणे सांगितलं की आत दत्ताच्या आईने लपवलेली बोरमाळ होती. मी मागे वळून पाहिलं. वहिनींनी सुपातून मान वर केली, थोडं हसल्या आणि मान हलवली. मी माइकचं बटण दाबलं.

"डॉक्टर, वहिनी नाही म्हणतात. ओव्हर."