पाळण्यावरचे पोपट

आमच्या घरातलं प्रत्येक बाळ बाराव्या दिवशी एकाच पाळण्यात निजतं. बाबा निजले, ताई निजली, मी निजले. माझ्या बारशाला बाबांनी त्यावर पोपट रंगवले. बाबा पेणच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखतात, त्यामुळे पोपटांचे डोळेही गणपतीसारखेच शांत आले.

आमच्या गावात एका थोर समाजसेवकांचं जन्मघर आहे. त्याचं संग्रहालय झालं, तेव्हा बाळंतिणीची खोली फार रिकामी दिसायची. तिथले व्यवस्थापक बाबांचे शाळासोबती. मी त्यांना काका म्हणते. ते घरी आले.

"पाळणा दे. नुसता ठेवायला. बारसं निघालं की घेऊन जा, तुझाच हाय."

बाबांनी लगेच दिला.

मी इंग्रजी शाळेतली, म्हणून इंग्रजी पाट्या माझ्याकडे आल्या. चारचौघांत बोलण्यापेक्षा ते बरं होतं. मी लिहिलं, 'त्या काळी असायचा तसा पाळणा.'

"एवढं लांबण कशाला गो? 'त्यांचा पाळणा' लिही. कोण विचारतंय!" काका हसले.

काकांना नाही म्हणणं मला जमलं नाही. मी लिहिलं.

यंदा ताई रोह्याहून बाळंतपणाला आली. बारशाच्या आदल्या दिवशी आई आणि मी टेम्पो घेऊन संग्रहालयात गेलो. पाळण्याभोवती दोरी बांधलेली होती.

"आता कसा नेणार, वहिनी? लोकं हात जोडतात त्याला."

"भावजी, तुम्ही शब्द दिला होता."

"व्हय, दिला. पण पाटी वाचा ना. तुमच्याच पोरीनं लिहिलीय."

तेवढ्यात सहलीची माणसं आत आली. काकांचा आवाज बदलला. "हे पोपट बघा. त्या काळची कारागिरी!"

एका बाईंनी मला इंग्रजीत विचारलं, हे कोणी रंगवलं असेल? आई माझ्याकडे बघत होती. उत्तर माझ्या तोंडात होतं. मी फक्त बाजूला सरकले, त्यांना फोटो नीट यावा म्हणून.

दुसऱ्या दिवशी आईच्या लुगड्याची झोळी बांधली. बाबा कामाचं निमित्त काढून कारखान्यात गेले. बाळाला झोळीखालून घ्यायला मी पुढे झाले, तर ताई हळूच म्हणाली, "तू राहू दे गो."

मी हात मागे घेतले. शेजारच्या काकूंनी बाळ घेतलं.