लहरीबाईची दातखीळ

खापर गावच्या मांगीलाल वाण्याची सून लहरीबाई. गावानं तिला तपस्वी ठरवलं, तेव्हा ती बिचारी भीतीनं अर्धमेली झाली होती.

१९२६ सालचं पर्युषण, जैनांच्या उपासतापासाचे दिवस. आदल्या दिवशी तिनं दातांनी सुपारी फोडली, कानापाशी कळ आली आणि सकाळी उठते तो दातखीळ! तोंड उघडेना. चारच दिवसांपूर्वी तिच्या टाचेत खिळा गेला होता. तिचा भाऊ नेमीचंद असाच खिळा लागून, अशीच दातखीळ बसून धनुर्वातानं गेला होता. बोलून दाखवलं तर खरंच होईल, या भयानं तिनं कुणाला कळू दिलं नाही.

सासूनं, उमरावबाईनं, न शिवलेलं ताट पाहिलं आणि स्वतःच ठरवून टाकलं, सुनेनं अठाई धरली! आठ दिवस नुसतं उकळलेलं पाणी. घुंघटातली सून तशीही मोठ्यांपुढे बोलत नसे. दातांच्या फटीतून पाणी तेवढं आत जाई. बायका पाया पडून जात आणि ही आतल्या आत मरणाचे दिवस मोजी. गावाला पुण्य लांबून दिसतं, दुखणं जवळूनही दिसत नाही.

पाचव्या दिवशी मागच्या दारी डोंगरातली रूपलीबाई डिंक विकायला आली. ती हाडंही बसवायची. लहरीबाईचा गालावर दाबलेला हात तिनं हेरला. आसपास कुणी नव्हतं. लहरीबाईनं घुंघट वर केला आणि आधी टाचेकडे, मग तोंडाकडे बोट दाखवलं. रूपलीनं तिची मान फिरवून पाहिली, पाठ चाचपली.

“मान वळस, पाठ वाकस. मंग धनुर्वात नही शे, माय. जबडाना सांधा अटकना शे.”

लहरीबाई ढसाढसा रडली. रूपलीनं गरम मिठाची पुरचुंडी कानापुढे धरली, गालावरून अंगठे दाबत खाली ओढले, जीभ टाळूला लावून तोंड हळूहळू उघडायला शिकवलं.

“रोज कर. तोंडमा तीन बोटं मावनात, मंग सुटनी तू.”

दुसऱ्या दिवशी एक बोट मावलं. पण गावभर झालेला उपास मोडायची छाती कुणाची? नवव्या दिवशी पारण्याला सासूनं सगळ्यांदेखत मुगाच्या पाण्याचा चमचा घुंघटाखाली धरला. सांधा कट्‌कन वाजला, पण तोंड उघडलं.

पुढे वीस वर्षं ती रोज सकाळी तीन बोटं तोंडात घालून बघे. धाक काही गेला नाही.

मग घरात तिची स्वतःची सून आली, भूरीबाई. पहिल्याच पर्युषणात तिनं ताट शिवलं नाही. बायका कौतुकाला जमल्या. लहरीबाईनं सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं आणि सुनेचा घुंघट वर केला.

“बीनणी,” तिनं तीन बोटं सुनेच्या तोंडापुढे धरली, “पैली मूंडो खोल.”