चाकाखालचा ठोकळा

मोपाच्या विमानतळावर उतरले तेव्हा पर्समध्ये वेळापत्रक होतं आणि त्यातलं पहिलं कलम होतं : अकरा वाजता हरमल, कर्मचाऱ्यांची बैठक. अकराला हरमलला पोहोचणं मुळीच अवघड नव्हतं. ते अवघड केलं सदानंदने.

सदानंद आमच्या हॉटेलचा ड्रायव्हर. मूळचा डिचोलीचा, वय पन्नाशीच्या आसपास. आणि मी पुण्याच्या मुख्य ऑफिसातली ती बाई, जी शाखाशाखांतून फिरून लोकांना कंपनीची मूल्यं समजावते आणि मग प्रत्येकाच्या नावापुढे ‘जुळतो’ किंवा ‘जुळत नाही’ असं लिहिते. या खेपेला खरं काम एकच होतं. सदानंदविरुद्ध पाहुण्यांच्या तक्रारी आल्या होत्या, सगळ्या उशिराच्या. मी ‘जुळत नाही’ लिहिलं की त्याची नोकरी जाणार होती. हे त्यालाही ठाऊक होतं. तरीही पेडण्याच्या अलीकडे एका चढावर त्याने गाडी कडेला घेतली. पुढे भाजीचा टेंपो बंद पडला होता.

“धा मिनटां फकत, मॅडम. तुमी बसात.”

“अहो, बैठक आहे माझी! त्यांचा मेकॅनिक येईल की.”

“येतलो. पूण तो येयसर (येईपर्यंत) गाडी चडावार उबी न्हय?”

त्याने डिकी उघडली, माझी बॅग बाजूला सारली, तिच्याखालून ग्रीसने माखलेला एक लाकडी ठोकळा काढला आणि टेंपोच्या मागच्या चाकाखाली सरकवला. मग बॉनेटमध्ये डोकं घातलं ते घातलंच. दहा मिनिटांचा पाऊण तास झाला. शेवटी टेंपोवाल्याने निघताना माझ्या मांडीवर लाल भाजीच्या दोन जुड्या ठेवल्या आणि सदानंद समाधानाने गाडीत बसला. हरमलला उतरल्यावर पाहिलं तर माझ्या नव्याकोऱ्या मोतिया बॅगेवर ग्रीसचा चांगला तळहाताएवढा डाग. मी संतापले होते, आणि हातात भाजी असताना संतापणं फार अवघड जातं.

हॉटेलच्या स्वागतकक्षात भिंतभर आमची मूल्यं लावली होती : वेळ, आपुलकी, काळजी. त्यांच्याच खाली मॅनेजर घड्याळ बघत उभे होते. “बघितलंत? हे रोजचं आहे. माणूस वाईट नाही हो, पण आपल्यात बसत नाही.”

बैठकीत मी विचारलं, “काळजी म्हणजे काय?” सगळ्यांनी पाठ केलेलं उत्तर म्हटलं. सदानंदने मात्र उलट विचारलं, “कोणाची, मॅडम?” मी “पाहुण्यांची” म्हणून पुढे सरकले. मनात म्हटलं, हा माणूस मला कामाला लावणार.

दुसऱ्या दिवशी माझा राग निवळावा म्हणून मॅनेजरांनी मला तेरेखोलचा किल्ला बघायला पाठवलं. सदानंदबरोबरच! तेरेखोलची फेरीबोट सुटते त्या केरीच्या वाटेवर दोन पर्यटक पंक्चर झालेली स्कूटर ढकलत होते. पुढचं सांगायला नको. आम्ही धक्क्यावर पोहोचलो तेव्हा फेरीबोट आमच्या डोळ्यांदेखत सुटली. पलीकडे किल्ला स्पष्ट दिसत होता, नदीचं पाणी सुरूच्या झाडांपर्यंत चढलेलं, वारा सुरेख, आणि मला यातलं काहीही बघायचं नव्हतं.

जवळच्या टपरीवर त्याने उंडे (गोल, कडक पाव) आणि पातळ भाजी मागवली. भाजी झणझणीत होती. दोन घासांनंतर मी एकदाचं विचारलं, “सदानंद, तुम्हाला नोकरी नको आहे का?”

“जाय (हवी) मॅडम. चली (मुलगी) नर्सिंगाक आसा, निमाणें (शेवटचं) वर्स.”

“मग थांबता कशाला प्रत्येकासाठी?”

तो पाव मोडत सांगू लागला. डिचोलीच्या खाणींवर त्याने वीसेक वर्षं ट्रक चालवला. रस्ता अरुंद, ट्रकमागे ट्रक. पुढचा चढावर बंद पडला की मागच्याने उतरून आधी त्याच्या चाकाखाली ठोकळा सरकवायचा. “पयलीं ठोकळो, मागीर (मग) ‘किदें जालें’ (काय झालं) विचारप.” बंद ट्रकला वळसा घालून जो पुढे गेला, त्याच्या बाकावर चहाला कोणी बसत नसे. एकदा सदानंदचाच भरलेला ट्रक मागे घसरू लागला. मागच्या ट्रकच्या ड्रायव्हरने, बाबूने, धावत येऊन ठोकळा घातला.

“बाबू नासलो जाल्यार (नसता तर) हांव आज हांगा (इथे) नासतों.”

खाण बंद झाली, ट्रक विकला. ठोकळा तेवढा त्याने हॉटेलच्या गाडीत आणला.

मला गहिवरून आलं असतं, पण पुढची फेरीबोट यायला उशीर होता आणि मी ऑफिसचं माणूस होते. मी म्हटलं, “इथे खाण नाही, सदानंद. आणखी एकदा थांबलात तर मला तुमच्यासाठी काही करता येणार नाही.”

“बरें,” तो म्हणाला. एवढंच.

तिसऱ्या दिवशी परत निघाले. बॅग ठेवायला त्याने डिकी उघडली. आत पांढरं कापड अंथरलेलं, कुठे ग्रीसचा ठिपका नाही. ठोकळाही नाही. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

मोपाच्या चढावर जांभ्या चिऱ्यांनी भरलेला एक ट्रक थांबला होता. मागच्या चाकाखाली एक पिकल्या मिशांचा माणूस दोन्ही हातांनी चिरा सरकवत होता. आमची गाडी ओळखून त्याने हसत हात वर केला.

“ओळखीचे आहेत?”

“बाबू,” सदानंद म्हणाला. गाडीचा वेग कमी झाला नाही.

“अहो, मग थांबा ना! भरपूर वेळ आहे.”

“ना मॅडम. वेळेर पावोवंक (पोहोचवायला) जाय.”

त्याने आरशातसुद्धा पाहिलं नाही. मी मान वळवून पाहिलं. बाबूचा हात अजून वरच होता.

विमानतळावर आम्ही दोन तास आधी पोहोचलो. बॅग माझ्या हातात देताना सदानंदने विचारलं, “फॉर्म भरतल्यात न्हय?” मी मान हलवली आणि त्या दोन तासांत, एका गार खुर्चीवर बसून, त्याच्या नावापुढे ‘जुळतो’ लिहिलं. त्याची नोकरी वाचली. मला स्वतःचा इतका राग आला की समोरची कॉफी प्यायलाच विसरले. कंपनी या माणसाशी जुळते का, हे विचारणारा रकाना माझ्या फॉर्मात कधीच नव्हता, आणि तो फॉर्म मीच तयार केला होता.

पुण्यात उतरून टॅक्सीने घरी निघाले. पुलाच्या चढावर एक रिक्षा बंद पडली होती आणि रिक्षावाला एकटाच ती मागून रेटत होता. आमच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

“थांबता का जरा?” मी म्हटलं.

“ओळखीचे आहेत का मॅडम?”

“नाही,” मी म्हणाले.

गाडी पुढे निघून गेली.